मसुदा तू कर, सही मी करतो

२ जानेवारी, सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी. इतकी वर्षं गोगलगायींच्या नोंदी ठेवतोय, स्वतःची एकही नाही. चुकलंच.

वस्तुस्थिती अशी. ३० जूनला माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं. तसं ते दर अकरा महिन्यांनी संपतंच. मग एक महिना मी बिनपगारी येतो, मग सर नवीन काढतात. पण या वेळी ग्रँटच संपतेय. सर म्हणाले, आता पुढचं तुझं तू बघायला लाग. हे ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले. मला म्हणाले की कॅलेंडरला, अशी क्षणभर शंका आली, पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

घाबरण्यासारखं काही नाही. सहा महिने हातात आहेत. संकल्प: रोज दोन अर्ज. म्हणजे जूनपर्यंत तीनशे साठ. त्यातले दहा टक्के लागले तरी छत्तीस नोकऱ्या. कुठली घ्यायची हीच डोकेदुखी होणार.

बायकोला इतक्यात सांगत नाही. ऑफर हातात आली की एकदमच सांगेन.

५ जानेवारी
अर्ज: शून्य. पण हे मुद्दाम. अभ्यास न करता अर्ज करणं म्हणजे आंधळ्याने गोळी मारणं. आधी लिटरेचर सर्व्हे. पीएचडीनंतर नोकरी कशी शोधावी यावरचे एकशे चौदा लेख डाउनलोड केले. फोल्डरला नाव दिलं, 'भविष्य'.

१९ जानेवारी
टेबल झालं. आडवे सत्तावीस कॉलम. प्राध्यापकी, औषध कंपन्या, पेटंट ऑफिस, विज्ञानलेखन, डेटा, कन्सल्टिंग. प्रत्येकाला गुण दिले. सर्वांत जास्त गुण कन्सल्टिंगला मिळाले. कन्सल्टिंगमध्ये नेमकं काय करतात ते कळलेलं नाही, पण पद्धत पक्की आहे, त्यामुळे निष्कर्षही पक्का असणार.

रंग भरून ज्युनिअरला दाखवलं. ज्युनिअर म्हणजे आमच्या लॅबमधली पीएचडीची मुलगी, शेवटच्या वर्षाला आहे. मला दादा म्हणते. पहिल्या दिवशी तिला सुई कशी धरायची ते मीच शिकवलं. स्वभावाने गरीब, आवाज कधी चढत नाही. ती म्हणाली, दादा, टेबल खूपच छान झालंय, यात अर्ज केल्याचा कॉलम कुठला?

हुशार आहे मुलगी. पण पद्धतीचं महत्त्व कळायला वेळ लागतो.

३ फेब्रुवारी
करिअर सेलमध्ये गेलो. सेल म्हणजे लायब्ररीच्या मागे झेरॉक्स मशीनला चिकटून एक खोली. तिथल्या मॅडमनी माझा सीव्ही हातात घेतला आणि वजन केल्यासारखा वरखाली केला. चौदा पानं. म्हणाल्या, कंपनीला एक पान लागतं. मग म्हणाल्या, स्वतःबद्दल दोन वाक्यांत सांगा, फक्त गोगलगाय हा शब्द न वापरता.

मला साडेतीन मिनिटं लागली. त्यातली तीन मी गप्प होतो.

मॅडमचा दोष नाही. त्यांना विषय माहीत नाही. मी गोगलगायीच्या वरच्या डाव्या शिंगातल्या वास घेणाऱ्या पेशींवर काम करतो. उजव्या शिंगावर परदेशातला एक म्हातारा काम करतो. आमचं पटत नाही.

९ फेब्रुवारी
सीव्ही एका पानावर बसवला! एक शब्दही कापला नाही. फॉन्ट साडेचार.

११ फेब्रुवारी
मॅडमनी तो वाचलाच नाही. चष्मा काढून ठेवला आणि मला विचारलं, लॅबमध्ये दिवसभर करता काय? मी सांगितलं: नवीन मुलांना शिकवतो, बंद पडलेली मशीन दुरुस्त करतो, मागणीपत्रं, वार्षिक अहवाल, सरांची भाषणं आणि सरांचे बहुतेक सगळे मेल मी लिहितो. त्या म्हणाल्या, मग हे लिहा ना. मी म्हणालो, मॅडम, ती काय कामं आहेत का? ती तर करावीच लागतात.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. बहुधा पटलं असावं.

१४ मार्च, दुपारी
देव आहे! वास ओळखणारे सेन्सर बनवणारी एक कंपनी आहे. फ्रीजमधलं अन्न खराब होतंय का ते माणसाच्या आधी ओळखणारं यंत्र त्यांना करायचंय. प्राण्यांच्या वास घेणाऱ्या पेशींवर काम केलेला माणूस हवाय. एक जागा. जाहिरात वाचताना असं वाटलं की कोणीतरी माझ्या खिडकीतून आत बघून लिहिली आहे.

अर्जासोबत गाइडचं शिफारसपत्र हवं. लगेच सरांकडे गेलो. सर नेहमीप्रमाणे म्हणाले, मसुदा तू कर, सही मी करतो. दारापर्यंत पोचलो तेवढ्यात म्हणाले, ज्युनिअरलाही कुठेतरी पत्र द्यायचंय, तेही तूच करून टाक.

कुठे द्यायचंय ते मी विचारलं नाही. आपण कशाला चांभारचौकशा करायच्या.

१५ मार्च
ज्युनिअरचं पत्र वीस मिनिटांत झालं. लिहायला बसलो आणि हात थांबेचना. दोन वर्षांपूर्वी रविवारी इनक्युबेटर बंद पडला होता, तेव्हा ही पोरगी अडीचशे गोगलगायी जेवणाच्या डब्यांमध्ये भरून घरी घेऊन गेली आणि तीन दिवस स्वतःच्या बाथरूममध्ये जगवल्या. घरच्यांची बोलणी खाल्ली. एक मेली नाही. तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत असा माणूस मी पाहिला नाही.' तीस वर्षं सरांची आहेत, पण वाक्य खरं आहे.

आता उद्या माझं.

२३ मार्च
माझ्या पत्राचा नववा मसुदा. 'उमेदवार हुशार आहे' हे वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. पुरावा काय? शिवाय लिहिणारा मी, ज्याच्याबद्दल लिहायचं तोही मी. असला पेपर माझ्याकडे रिव्ह्यूला आला असता तर मी पहिल्या पानावरच परत पाठवला असता.

२६ मार्च
झालं. एकही शब्द जास्तीचा नाही. 'उपलब्ध पुराव्यांच्या मर्यादेत उमेदवारामध्ये कोणताही गंभीर दोष आढळलेला नाही. अनुकूल परिस्थितीत तो उपयुक्त ठरण्याची शक्यता नाकारता येत नाही. तथापि ही निरीक्षणं एकाच प्रयोगशाळेतली असल्यामुळे इतरत्र तशीच लागू होतील असं म्हणता येणार नाही.' कंपनीतल्या लोकांना कळेल की इथे थापा नाहीत, इथे शास्त्र आहे.

सरांनी दोन्ही पत्रांवर फोनवर बोलता बोलता सही केली. वाचली एकही नाही. विश्वास म्हणतात तो हा.

२८ मार्च, संध्याकाळी
टेबलावर राहिलेली प्रत बायकोने वाचली. म्हणाली, हे शिफारसपत्र आहे की हवामानाचा अंदाज?

बायको हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे न वाकणारे गुडघे वाकवते, त्यामुळे तिला सगळंच थेट लागतं. मग कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, तीस जूनचं काय ठरलं? मी उडालोच. तिला कसं कळलं? तर म्हणे, कॉन्ट्रॅक्टच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून दर वेळी सही मीच करते ना.

आणि आता तिचं. तिच्या हॉस्पिटलची दुसऱ्या गावात शाखा निघतेय. तिला विभागप्रमुख म्हणून बोलावलंय. राहायला क्वार्टर, मुलीला शाळा जवळ. दहा जूनपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. ती म्हणाली, तुझं इथलं नक्की असेल तर मी नाही म्हणते, नसेल तर आपण जाऊ. फक्त मला खरं काय ते सांग.

मी म्हणालो, सेन्सर कंपनीचं झाल्यातच जमा आहे. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

१७ एप्रिल
इंटरव्ह्यूला बोलावलं. कोट घातला. लग्नातला आहे, बटण लागत नाही, उघडा ठेवला तर रुबाबदार दिसतो.

वेटिंग रूममध्ये शिरलो तर समोर ज्युनिअर. हातात फाइल. मला बघून ताडकन उठली आणि स्वतःची खुर्ची मला दिली. म्हणाली, दादा, तुम्हीपण? मी म्हणालो, हो, सहज. इंटरव्ह्यूला कोणी सहज येतं का? पण तोंडातून गेलं.

आतमध्ये तिघं. मधल्या बाईंच्या हातात माझं पत्र. म्हणाल्या, तुमचे सर लिहितात की गंभीर दोष आढळला नाही. मग किरकोळ दोष कोणते?

प्रश्न अगदी रास्त होता. सात सांगितले. आठवा बाहेर आल्यावर आठवला, परत जाऊन सांगावा का असा विचार केला, पण दार बंद झालं होतं.

त्याच दिवशी, घरी
चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसते आणि मला कळूही देत नाही! गोगलगाय अन् पोटात पाय!

१८ एप्रिल
काल लिहिलं ते बरोबर नाही. मीच विचारलं नव्हतं.

२९ एप्रिल
ज्युनिअरला नोकरी लागली.

चॉकलेटचा डबा घेऊन आली होती. सगळ्यांना वाटून झाल्यावर माझ्या टेबलापाशी उभी राहिली. म्हणाली, त्या बाईंनी तिला सरांच्या पत्रातला डब्यांचा प्रसंग वाचून दाखवला आणि तिथेच ठरवलं. म्हणाली, ऐकताना मला रडू आलं दादा, सर माझ्याशी धड चार वाक्यंही बोलत नाहीत. मग म्हणाली, पण डब्यांचं सरांना कसं माहीत? त्या आठवड्यात तर ते परदेशात होते.

मी म्हणालो, सरांचं सगळीकडे लक्ष असतं.

ती चॉकलेटचा उरलेला डबा माझ्या टेबलावरच ठेवून गेली. मी सगळी खाल्ली. पोट बिघडलं.

८ मे
हार मानायची नाही. विज्ञानलेखनाच्या जागेसाठी नमुना म्हणून लहान मुलांसाठी तीनशे शब्द मागितले होते. पाठवले. तीनशे शब्द आणि अठ्ठ्याऐंशी तळटिपा. उत्तर आलं की मुलांना खालचं वाचता येत नाही.

आजवरचे अर्ज: सहा. संकल्पानुसार दोनशे चोपन्न व्हायला हवे होते. टेबलात नवीन कॉलम घातला, 'अर्ज केला का'. बहुतेक रकाने रिकामे आहेत, त्यामुळे टेबल मोकळं मोकळं छान दिसतं.

१६ मे
पेटंट ऑफिस: नकार. औषध कंपनी: अनुभव जास्त आहे. दुसरी औषध कंपनी: अनुभव कमी आहे. दोन्ही मेल एकाच सकाळी आले. दोघांची सरासरी काढली तर मी अगदी योग्य आहे.

२१ मे, दुपारी ३
कोल्ड रूममध्ये वीस मिनिटं बसलो. तापमान चार अंश. काम काही नव्हतं. रसायनांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचत होतो. सगळी माझ्याच अक्षरात. बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ धरली म्हणून डोळे पुसले. म्हणजे चष्मा पुसला.

मला भीती वाटतेय. लिहून टाकलं. कोणी वाचणार थोडंच आहे.

२५ मे
बायकोने विचारलं, दहा तारीख जवळ येतेय, काय कळवू? मी म्हणालो, चार दिवस थांब. ती म्हणाली, तू मला मार्चपासून चार दिवस थांबवतोयस. मग मुलीला अंघोळ घालायला गेली. नळ जरा जास्तच जोरात सोडला.

३ जून, सकाळी ११
सुटलो! सुटलो! सुटलो!

सरांना नवीन ग्रँट मिळाली. एक जागा, चक्क तीन वर्षांची. अकरा महिन्यांची भानगडच नाही. सर म्हणाले, नियमाप्रमाणे जाहिरात द्यावी लागेल, मसुदा तू कर, सही मी करतो. आणि खांद्यावर हात ठेवला. सरांनी खांद्यावर हात ठेवल्याचं मला आठवत नाही. याचा अर्थ लहान मुलालाही कळेल.

३ जून, दुपारी ४
जाहिरात लिहिली. आयुष्यातलं सर्वांत सुंदर लिखाण. गोगलगायीच्या वरच्या डाव्या शिंगाचं विच्छेदन आलं पाहिजे. आमचं जुनं मायक्रोस्कोप, ज्याचं एक चाक उलटं फिरतं, ते चालवता आलं पाहिजे. जगात हे येणारा माणूस एकच आहे.

तेवढ्यात आठवलं. एकच नाही. तो उजव्या शिंगाचा म्हातारा! त्याचीही ग्रँट संपल्याचं ऐकलंय. त्याने अर्ज टाकला तर? उजवीकडून डावीकडे यायला कितीसा वेळ लागतो?

मग अट घातली: 'पीएचडी होऊन पाच वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा.' त्याला पंचवीस तरी झाली असतील. माझी तर परवा-परवाची गोष्ट. साप मेला आणि काठीही शाबूत. सरांनी सही केली. तासाभरात जाहिरात वेबसाइटवर.

३ जून, संध्याकाळी
बायकोला सांगितलं. नोकरी पक्की. तीन वर्षं. तिने तीनदा विचारलं, नक्की ना? तिन्ही वेळा मी नक्की म्हणालो. 'शक्यता नाकारता येत नाही' असं म्हणालो नाही, मर्यादा सांगितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा इतकं ठाम बोललो. बरं वाटलं.

९ जून
बायकोने हॉस्पिटलला नाही म्हणून कळवलं. एक दिवस आधीच. जेवताना म्हणाली, तिथल्या क्वार्टरला म्हणे मागे मोकळी जागा होती. मी म्हणालो, इथेही होईल सगळं. ती म्हणाली, हो. मग मुलीला भात कालवून दिला.

१३ जून
अर्ज केला. एकच अर्ज, पण काय अर्ज! माझ्या जाहिरातीतल्या प्रत्येक ओळीला माझं उत्तर. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानेच पेपर सोडवावा तसं.

२४ जून
निवडीची यादी आज लागली. माझं नाव नाही. टायपिंगची चूक असणार. सर बाहेरगावी आहेत, फोन उचलत नाहीत. उद्या आस्थापना विभागात जाऊन दुरुस्त करून घेतो.

२५ जून, दुपारी १२.३०
आस्थापना विभागातल्या बाई शांत आहेत, मला ओळखतात, सरांची सगळी कागदपत्रं मीच नेऊन देतो. त्यांनी माझा अर्ज काढला. त्यावर लाल पेनाने एक गोल होता. म्हणाल्या, तुम्ही पाच वर्षांच्या अटीत बसत नाही. मी हसलो. म्हणालो, बाई, नीट बघा, चार-साडेचार झाली असतील. त्यांनी माझं डिग्री सर्टिफिकेट माझ्यासमोर ठेवलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

आठ.

मी म्हणालो, असं कसं होईल? त्या म्हणाल्या, बसा, पाणी प्या. मी बसून बोटांवर मोजलं. मुलगी सहा वर्षांची आहे. ती झाली तेव्हा मी या लॅबमध्ये नुकताच आलो होतो. त्याआधी दोन वर्षं दुसऱ्या लॅबमध्ये. पुन्हा मोजलं. दर वेळी अकरा महिने, मग एक महिना काहीच नाही, मग पुन्हा अकरा. कधी वर्ष भरलंच नाही, म्हणून मी वर्ष धरलंच नाही.

अट काढून टाकता येईल का विचारलं. त्या म्हणाल्या, जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर नाही बदलता येत. आणि मग अगदी हळू, जणू माझीच बाजू घेतल्यासारखं म्हणाल्या, ही असली अट कोणी घातली कोण जाणे, गेल्या वेळी तर नव्हती.

२७ जून
सरांचा फोन आला. म्हणाले, अरेरे. म्हणाले, मी वाचलं असतं तर. मग म्हणाले, निवड झालेला मुलगा नवीन आहे, त्याला मायक्रोस्कोपचं उलटं चाक कसं फिरवायचं ते लिहून ठेवशील ना?

लिहून ठेवलं. अकरा पानं, आकृत्यांसह.

३० जून, सकाळी
किल्ली जमा केली. पावती मिळाली. पावतीवर माझ्या नावापुढे पदाचा रकाना होता. आस्थापनातल्या बाईंनी तिथे एक आडवी रेघ मारली.

३० जून, संध्याकाळी ६
बायकोला सगळं सांगितलं. पाच दिवस सांगितलं नव्हतं. अट कोणी घातली हेही सांगितलं. वाटलं होतं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, तुला खरंच माहीत नव्हतं आठ झाली ते? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मी मोजत होते, दर वेळी त्या फॉर्मवर सही करताना.

मग तिने हॉस्पिटलला मेल लिहिला, ती जागा अजून मोकळी आहे का म्हणून. विचारलं नाही, सर्व्हे केला नाही, उभ्या उभ्या लिहिला. चार ओळी. पाठवायच्या आधी फोन माझ्यापुढे धरला, तू इतकी वर्षं लिहितोस, काही चुकलं असेल तर बघ म्हणाली. तिसरी ओळ अशी होती: 'माझ्या मिस्टरांना आता इथे थांबण्यासारखं काही काम नाही.'

मी दोनदा वाचलं. दुरुस्ती काही सापडली नाही. पाठव म्हणालो.